सॉलिडवर्क्सच्या सामायिक फाइल: लिहायचं कोणी, बघायचं कोणी

तुम्ही नुकतेच एखाद्या डिझाइन ऑफिसात रुजू झाला आहात. सकाळी सॉलिडवर्क्स या थ्री-डी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असेंब्ली (अनेक पार्ट एकत्र जोडलेली फाइल) उघडली, दुपारपर्यंत एका प्लेटवर काम केलं, सेव्ह दाबलं आणि खिडकी आली: ही फाइल रीड-ओन्ली आहे, म्हणजे बघता येईल, तिच्यात लिहिता येणार नाही. शेजारचा मान वर न करता सांगतो, "दुसऱ्या नावाने सेव्ह कर, नंतर बघू."

मी हा सल्ला ऐकला होता. फिक्स्चरच्या (मशिनिंग करताना पार्ट पकडून ठेवणारं साधन) बेसप्लेटवरच्या दोन डॉवेलमधलं (जागा पक्की करणाऱ्या पिना) अंतर १८० वरून १८५ मिलिमीटर केलं आणि फाइल 'बेसप्लेट नवीन' या नावाने ठेवली. ते 'नंतर' कधी उजाडलंच नाही. ड्रॉइंग जुन्या फाइललाच जोडलेलं होतं, त्यामुळे प्लेट १८० ने मशीन होऊन आली. ४० मिलिमीटर जाडीची ईएन ८ पोलादाची प्लेट भंगारात गेली आणि पुढचे चार दिवस मी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

हा लेख अशा ऑफिससाठी आहे, जिथे पाच-दहा जण सॉलिडवर्क्सवर काम करतात, फाइल विंडोजच्या सर्व्हरवर एका सामायिक फोल्डरमध्ये असतात आणि पीडीएम (डिझाइनच्या फाइल आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) अजून घेतलेलं नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात फिक्स्चर, गेज, छोट्या एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेली खास मशिनं) बनवणारी अशी बरीच ऑफिसं आहेत. एकच गोष्ट मनात पक्की करा: रीड-ओन्ली ही अडचण नाही, ती फाइलची नेहमीची अवस्था असायला हवी. लिहायचा हक्क मागून घ्यायचा, आणि काम झालं की परत द्यायचा.

सुरुवातीला काय लागेल

- सर्व्हरवरच्या परवानग्या बदलू शकणारा माणूस आणि त्याचा तासभर वेळ
- प्रत्येकाचं स्वतःचं विंडोज लॉगिन. सगळे एकाच 'डिझाइन' नावाच्या लॉगिनवर असतील तर फाइल कोणी धरली आहे हे कधीच कळणार नाही
- सगळ्यांकडे सॉलिडवर्क्सची एकच आवृत्ती. नव्या आवृत्तीत एकदा सेव्ह झालेली फाइल जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला कामासाठी उघडत नाही
- एक साधी एक्सेल शीट, जिच्याबद्दल खाली सांगतो

१. आधी बघा, रीड-ओन्ली कोणत्या कारणाने आहे

स्क्रीनवर शब्द एकच दिसतो, पण त्यामागे तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींचे इलाज वेगळे.

पहिलं म्हणजे लॉक. दुसऱ्या कोणीतरी तीच फाइल तुमच्या आधी उघडली आहे. सॉलिडवर्क्स फाइल उघडताना त्याच फोल्डरमध्ये ~$ ने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल बनवतं. ती हजर आहे तोवर लिहायचा हक्क पहिल्याकडे. दुसरं, परवानगी. त्या फोल्डरमध्ये तुमच्या लॉगिनला फक्त वाचायचाच अधिकार दिलेला आहे. तिसरं, खुद्द फाइलच्या प्रॉपर्टीजमधली रीड-ओन्लीची खूण. सीडीवरून उतरवलेल्या जुन्या फाइलींवर ती असू शकते.

इथे नवखे एका चौकोनात अडकतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडल्या की रीड-ओन्लीच्या चौकोनात अर्धवट भरलेली खूण दिसते. ती काढली, ओके केलं, परत उघडलं तर पुन्हा तिथेच! त्या खुणेचा फोल्डरच्या परवानगीशी काही संबंध नाही. ती विंडोजची सवय आहे, सोडून द्या.

२. फोल्डर योग्य जागी आहे ना?

ऑफिसातलाच एखादा पीसी 'सर्व्हर' म्हणून वापरत असाल, तर लक्षात ठेवा: साध्या विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्याच चालतात. आठ-दहा माणसांना पुरेल, विसाच्या पुढे नाही.

खरी गडबड वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये होते. ~$ ने सुरू होणाऱ्या नावाच्या फाइल वनड्राइव्ह सिंकच करत नाही. म्हणजे तुम्ही फाइल उघडली, लॉक तुमच्या मशिनवर बनलं, पण सहकाऱ्यापर्यंत ते पोचलंच नाही. त्यानेही तीच फाइल लिहायच्या हक्काने उघडली. संध्याकाळी एकाच पार्टच्या दोन प्रती, आणि दोघंही मनापासून सांगतात की माझीच खरी. चालू असेंब्ली सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका. ग्राहकाला पाठवायच्या पीडीएफ आणि स्टेप (इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी थ्री-डी) फाइलसाठी ते ठीक आहे.

सगळ्यांच्या मशिनवर सर्व्हर एकाच अक्षराच्या ड्राइव्हला जोडा. एकाकडे पी आणि दुसऱ्याकडे झेड असं झालं की असेंब्लीतले पत्ते गोंधळतात.

३. फोल्डरची वाटणी आणि परवानग्या

चार फोल्डर पुरतात: 'चालू', 'मंजूर', 'स्टँडर्ड' आणि 'व्हेंडर'.

'चालू'मध्ये डिझाइनच्या गटाला मॉडिफाय हा अधिकार द्या. निव्वळ राइट देऊन भागत नाही. बरीच सॉफ्टवेअर सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल बनवतात आणि मग जुनी काढून तिच्या जागी नवी ठेवतात. डिलीटचा अधिकार नसेल तर सेव्ह मधेच अडकतं. लॉकची ती छोटी फाइल बनवायला आणि पुसायलाही हाच अधिकार लागतो.

'मंजूर'मध्ये सगळ्यांना फक्त वाचायचा अधिकार, लिहायचा एकाला किंवा दोघांना. शॉप फ्लोअर, परचेस आणि क्वालिटी यांना 'मंजूर' तेवढंच दिसू द्या. 'चालू' त्यांना दिसलं की कोणीतरी अर्धवट ड्रॉइंगची प्रिंट काढणार, हे ठरलेलं आहे.

शेअरवर एक परवानगी असते आणि फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये दुसरी. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोन्हींपैकी जी कडक ती लागू होते. शेअरवर चेंज ठेवा, फुल कंट्रोल नको. म्हणजे नेटवर्कवरून कोणाला परवानग्याच बदलता येणार नाहीत. बाकीचं बारीक काम सिक्युरिटी टॅबमध्ये. आणि अधिकार माणसाच्या नावाने न देता गटाला द्या. माणूस नोकरी सोडून जातो, गट राहतो.

या पायरीवरची सगळ्यात मोठी खाच: 'चालू'मधली फाइल कट करून 'मंजूर'मध्ये पेस्ट करू नका. दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर असतील तर हलवलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. आम्ही सहा महिने 'मंजूर' फोल्डर सुरक्षित आहे असं समजत होतो. आत निम्म्या फाइलींवर कोणीही लिहू शकत होतं. कॉपी करा, उघडून तपासा, मग मूळ जागेची काढा.

४. मालक कोण, हे माणसांनी ठरवायचं

फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड असं गेलं की 'ओनर' दिसतो. त्यावर विसंबू नका. विंडोजच्या लेखी ती फाइल ज्या लॉगिनने बनली तो मालक. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसतो दुसराच, तसा हा प्रकार आहे. आपल्याला कसणारा हवा.

त्यासाठी ती एक्सेल शीट. रकाने चारच ठेवा: सब-असेंब्लीचा नंबर, मालक, पर्यायी मालक, अवस्था. मालकी सब-असेंब्लीच्या पातळीवर वाटा, एकेक पार्टची नको. दीडशे ओळींची शीट पंधरा दिवसांनंतर कोणी भरत नाही. क्लॅम्पिंग युनिट एकाचं, बेस आणि लोकेटर दुसऱ्याचे, हायड्रॉलिकचं काम तिसऱ्याकडे. पर्यायी मालकाचा रकाना गणपतीच्या सुट्टीत उपयोगी पडतो.

मुख्य असेंब्लीचा मालक एकच आणि तो टीम लीड. दिवसभर प्रत्येक जण ती उघडून ठेवतो, आणि लिहायची गरज त्यातल्या एखाद्यालाच असते. लॉकची निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

फाइलची नावं कधीही सारखी ठेवू नका. 'बेसप्लेट' हे नाव दोन प्रकल्पांत असेल आणि त्यातली एक आधीच उघडी असेल, तर दुसरी असेंब्ली उघडताना सॉलिडवर्क्स मेमरीत असलेलीच फाइल उचलू शकतं. प्रकल्पाचा नंबर नावातच घाला. आणि नाव बदलायचंच झालं तर नेहमीच्या रिनेमने नको, फाइलवर उजवी क्लिक करून सॉलिडवर्क्सच्या मेन्यूतला रिनेम वापरा, म्हणजे असेंब्लीतले संदर्भही बदलतात.

५. सॉलिडवर्क्सची सेटिंग

प्रत्येकाच्या मशिनवर एकदाच करायचं आहे. सिस्टिम ऑप्शन्समध्ये कोलॅबरेशन उघडा.

- मल्टी-युझर एन्व्हायर्नमेंट चालू करा.
- त्याच्याच खालचा शॉर्टकट मेन्यूचा पर्यायही चालू करा. मग फाइल मेन्यूत आणि ट्रीमधल्या (स्क्रीनच्या डावीकडची पार्टची यादी) उजव्या क्लिकवर 'मेक रीड-ओन्ली' आणि 'गेट राइट ॲक्सेस' दिसू लागतात.
- रीड-ओन्ली उघडलेल्या फाइल इतरांनी बदलल्या का, ते ठरावीक मिनिटांनी तपासण्याचा पर्याय चालू करा. मी ५ मिनिटं ठेवली आहेत.

मग एक्स्टर्नल रेफरन्सेसमध्ये जा. 'ओपन रेफरन्स्ड डॉक्युमेंट्स विथ रीड-ओन्ली ॲक्सेस' हे चालू करा. माझ्या मते पूर्ण लेखातली ही सगळ्यात कामाची खूण. आता असेंब्ली उघडली तरी तिच्यातले दोनशे पार्ट तुमच्या नावावर अडकत नाहीत.

त्याच्याच जवळ दुसरा एक पर्याय आहे: रीड-ओन्ली पार्टमधले बदल न विचारता टाकून देण्याचा. तो पहिले काही महिने बंदच ठेवा. त्याने प्रश्नाची खिडकी येत नाही, हे खरं. पण तुमचं दोन तासांचं कामही त्याच शांतपणे जातं.

६. रोजची पद्धत

मुख्य असेंब्ली बघायला उघडताना ओपनच्या बटणाशेजारच्या बाणातून रीड-ओन्ली निवडा. शीर्षकपट्टीत नावापुढे रीड-ओन्ली लिहिलेलं दिसेल.

बदलायचा असेल तो पार्ट ट्रीमध्ये निवडा, उजवी क्लिक, गेट राइट ॲक्सेस. कोणी धरलेला नसेल तर लगेच मिळतो. धरलेला असेल तर नाव दिसतं. उठून जा किंवा फोन करा. तुमच्या प्रतीनंतर फाइल बदलली असेल, तर नवी प्रत आधी उघडली जाते. म्हणून हक्क आधी, बदल नंतर. उलट क्रमाने गेलात तर आपलेच बदल गमावता.

बदल करा, रीबिल्ड करा (बदलांनुसार मॉडेल पुन्हा बनवून घ्या), सेव्ह करा आणि लगेच त्याच फाइलला मेक रीड-ओन्ली. हे शेवटचं पाऊल सगळे विसरतात. आमच्याकडे एकाने टीम लीडच्या मॉनिटरवर 'चहाला जाताना फाइल सोडा' अशी चिठ्ठी चिकटवली. लीडला ती आवडली नाही, पण लागू पडली.

दुसऱ्याने सेव्ह केलं की तुमच्या स्टेटस बारवर खूण येते. तिच्यावर क्लिक केलं की रीलोडची खिडकी उघडते. दिवसातून दोनदा, जेवणाआधी आणि ड्रॉइंग काढण्याआधी, रीलोड करायची सवय लावा.

असेंब्लीत बसून पार्ट बदलत असाल तर आणखी सांभाळा. एका पार्टचं भोक दुसऱ्याच्या पिनवरून घेतलं असेल तर ट्रीमध्ये त्या पार्टच्या नावापुढे बाण दिसतो. म्हणजे त्याची मापं दुसऱ्याच्या फाइलवर अवलंबून आहेत. पिनचा मालक पिन हलवतो, तुमच्या पार्टवर लिहायचा हक्क त्याच्याकडे नाही, त्यामुळे त्याच्या स्क्रीनवर भोक सरकलेलं दिसतं आणि सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ते जुन्याच जागी असतं. दोन मालकांच्या हद्दीवर असे संदर्भ ठेवूच नका. माप लिहून द्या.

७. सेव्हच्या वेळची खिडकी

आता पुन्हा तीच सुरुवातीची खिडकी. रीड-ओन्ली फाइलमध्ये बदल झाले आहेत, काय करू? घाईत हात सेव्ह ॲजकडे जातो.

सेव्ह ॲजने नवं नाव दिलं की तुमच्या मेमरीतली असेंब्ली त्या नव्या फाइलला जोडली जाते. ड्रॉइंग, इतरांच्या असेंब्ली, बीओएम (लागणाऱ्या पार्टची यादी) मात्र जुन्या फाइललाच जोडलेले राहतात. इथूनच फाटे फुटतात. त्यापेक्षा:

बदल नकळत झाला असेल, नुसत्या रीबिल्डने किंवा मेट (दोन पार्टमधली जोडणी) बदलल्याने, तर ती फाइल सेव्ह न करता पुढे जा. बदल खरा आणि हवा असेल तर फाइल धरणाऱ्याला ती सोडायला सांगा. तो हाताशी नसेल तर सेव्ह ॲजच्याच खिडकीत 'सेव्ह ॲज कॉपी' हा पर्याय आहे. त्याने प्रत वेगळी निघते आणि असेंब्लीचा संदर्भ मूळ फाइलवरच राहतो. त्या प्रतीच्या नावात तुमचं नाव आणि तारीख घाला, आणि मालकाला लगेच कळवा. प्रत म्हणजे निरोप आहे, नवा पार्ट नव्हे.

असाच एक छुपा सापळा घरून काम करणाऱ्यांसाठी. सर्व्हरचा पार्ट सी ड्राइव्हवर आणला, तो उघडा ठेवून सर्व्हरवरची असेंब्ली उघडली, सेव्ह केली. आता असेंब्ली तुमच्या सी ड्राइव्हकडे बोट दाखवते आणि बाकीच्यांना पार्ट सापडत नाही. शंका आली की फाइल मेन्यूतल्या फाइंड रेफरन्सेसमध्ये प्रत्येक पार्टचा पत्ता दिसतो. एकही ओळ सी ने सुरू होता कामा नये. फाइल घरी न्यायचीच असेल तर पॅक अँड गो (असेंब्ली तिच्या सगळ्या पार्टसकट कॉपी करणारी सोय) वापरा आणि परत आणलेलं मालकाकडूनच आत घ्या.

८. लॉक अडकलं तर

सॉलिडवर्क्स क्रॅश झालं किंवा वीज गेली की ~$ ची फाइल मागे राहू शकते. मग कोणीही काम करत नसताना फाइल कोणाच्या तरी नावावर दिसते.

आधी त्या माणसाला विचारा. लॅपटॉप बंद न करता झाकण लावून घरी गेला असण्याचीच शक्यता जास्त. मग सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स इथे ती खरंच उघडी आहे का बघा. तिथे नाव नसेल आणि माणसानेही होकार दिला असेल, तरच लपलेल्या फाइल दाखवायला लावून ती ~$ ची फाइल पुसा. तिथे नाव असेल तर जबरदस्तीने बंद करू नका. पलीकडे कोणाचं तरी सेव्ह न झालेलं काम असू शकतं.

ऑटोकॅडवर असाल तर हीच गोष्ट डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ या लॉकच्या फाइलींची. 'हूहॅज' ही कमांड ड्रॉइंग कोणी उघडलं आहे ते सांगते. एक्सरेफ म्हणून (दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये संदर्भ म्हणून) जोडलेलं मूळ ड्रॉइंग इतरांना बदलता येत नसेल तर 'एक्सलोडसीटीएल' या सेटिंगची किंमत तपासा: १ असेल तर मूळ फाइल अडकून राहते, २ असेल तर तिची प्रत वापरली जाते.

९. टूलबॉक्सचं वेगळं

बोल्ट-नट सगळे जण एकाच सामायिक टूलबॉक्समधून (सॉलिडवर्क्समधला तयार स्टँडर्ड पार्टचा संग्रह) घेत असाल तर तो 'स्टँडर्ड'मध्ये ठेवा. नवा साइझ घेतला की टूलबॉक्सच्या मूळ फाइलमध्ये नवं कॉन्फिगरेशन (त्याच पार्टचा वेगळ्या मापाचा प्रकार) लिहिलं जाऊ शकतं, आणि फोल्डर रीड-ओन्ली असेल तर तिथे चूक येते. टूलबॉक्सच्या सेटिंगमध्ये रीड-ओन्ली फाइलवर लिहिण्यापूर्वी तिची खूण काढण्याचा पर्याय आहे, पण तो फक्त फाइलच्या खुणेपुरता. सर्व्हरची परवानगी तो ओलांडू शकत नाही. आम्ही नेहमीचे एम ५ ते एम २० चे साइझ एकदाच बनवून घेतले आणि मग फोल्डर बंद केला.

१०. पीडीएम कधी?

माणसं दहाच्या वर गेली, दोन गावांतून काम सुरू झालं किंवा ग्राहक रिव्हिजनचा इतिहास मागू लागला की ही पद्धत कमी पडते. सॉलिडवर्क्स प्रोफेशनल किंवा प्रीमियमचं लायसन्स असेल तर आधी त्याच्यात पीडीएम स्टँडर्ड आहे का ते बघा. तो त्या पॅकेजचाच भाग आहे आणि बऱ्याच ऑफिसांना हे ठाऊकच नसतं. तिथे फाइल चेक-आउट करेपर्यंत रीड-ओन्लीच असते, म्हणजे वरची सवय आधीच लागली असेल तर बदल फारसा जाणवत नाही.

तोवर उद्या सकाळी एवढं करा. दोन चौकोनी प्लेट आणि एक पिन, अशी खोटी असेंब्ली 'चालू'मध्ये बनवा. शेजाऱ्याला त्याच्या मशिनवरून ती उघडायला लावा. आळीपाळीने हक्क घ्या, सोडा, रीलोड करा, आणि एकदा मुद्दाम टास्क मॅनेजरमधून सॉलिडवर्क्स मारून ~$ ची फाइल मागे राहते का ते बघा. अर्धा तास लागेल, आणि भंगारात जायला तिथे एकही प्लेट नसेल.